जिन्यातला दिवा

आमच्या घराला विजेचे दोन मीटर आहेत. खालचा माझा, वरचा मुलाचा. जिना मात्र एकच आहे, आणि त्या जिन्यातला दिवा माझ्या मीटरवर आहे. एवढ्याशा दिव्यावरून भरल्या घाटावर मला माझ्या मुलानं जे ऐकवलं, ते मी अजून विसरलेलो नाही. विसरणारही नाही. पण त्यानंतर जे झालं तेही लिहून ठेवायला पाहिजे.

मी म्हशींचा व्यापारी. बाजारात आम्हाला हेडी म्हणतात. दुसऱ्याच्या म्हशी हाकत कोल्हापूरच्या बाजाराला जायचो, तिथून स्वतःची एक म्हैस घेतली, मग दोन, आणि मग उचगावात ही जागा. खालचं घर आधी बांधलं, वरचा मजला मुलाच्या लग्नाच्या वेळी. विटा, सळी, वाळू, सगळ्यांशी घासाघीस करून. आमच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. खांद्यावरचा पंचा दोघांच्या हातावर टाकायचा आणि त्याच्याखाली समोरच्याची बोटं धरायची. एक बोट, दोन बोटं, मूठ. वरून दोघांचे चेहरे कोरडे. आजूबाजूच्या शंभर माणसांना काही कळत नाही आणि सौदा होऊन जातो. मी समोरच्याच्या बोटाच्या घामावरून ओळखायचो की याला म्हैस विकायची घाई आहे.

मुलाला हे शिकवायचा प्रयत्न केला. त्याला बाजाराचा वास सोसला नाही. तो एका कारखान्यात नोकरीला लागला.

भांडणाचं मूळ एसी. एका उन्हाळ्यात मी बाजाराहून आलो तर वरच्या भिंतीला खोकं लटकलेलं. तेव्हा मीटर एकच होता. पुढच्या महिन्याचं बिल हातात आलं आणि मी अंगणात उभा राहून ओरडलो. युनिटांनी एक पायरी ओलांडली की पुढचा दर चढतो, हे मी त्याला किती वेळा सांगितलं होतं.

"आबा, म्हशींना गोठ्यात पंखा लावता," तो वरून म्हणाला, "मग माणसानं घामानं मरायचं व्हय?"

"म्हैस दूध देती. तू काय देतोस?"

बायको गोठ्याच्या दारात उभी होती. ती म्हणाली, "त्यानं दूध दिलं असतं तर तुम्ही त्याला कवाच बाजार दाखवला असता."

गल्ली हसली. मीही हसलो असतो, पण राग आला की मला वाटेत थांबता येत नाही. मी वर जाऊन एसीचा खटका पाडला. मुलानं महिन्याभरात स्वतःचा मीटर घेतला. मीटर वेगळा झाला तशी पाठोपाठ चूलही वेगळी झाली. सुनेनं शेगडी वर नेली तेव्हा माझ्या बायकोनं तिला मिठाची बरणी भरून दिली आणि माझ्याशी दोन दिवस बोलली नाही.

जिन्याच्या दिव्याला दोन बटणं आहेत, एक खाली माझ्या दाराशी, एक वर त्यांच्या. खालून लावलेला दिवा वरून घालवता येतो, वरून लावलेला खालून. त्यामुळं बटण वर आहे की खाली, यावरून दिवा चालू आहे की बंद हे कळत नाही. दिव्याकडंच बघावं लागतं. मी संध्याकाळी खालून बंद करायचो, थोड्या वेळानं वरून लागायचा. मी पुन्हा बंद. शब्द नाही, फक्त बटणाचा टक्‌ असा आवाज. पंच्याखालचा सौदाच तो, फक्त पटत नव्हता.

मी वीज वाचवायची म्हटलं की वाचवतोच. गिझर काढून विकला आणि माळ्यावरचा तांब्याचा बंब खाली आणला. जाळायला शेणी घरच्या, उसाची चिपाडं गुऱ्हाळावरची, पाणी कढत. जुने पंखे देऊन कमी वीज खाणारे घेतले. त्या दुकानदाराला मी इतकं घासलं की तो शेवटी म्हणाला, "पावणं, पंखा घ्या, पण परत येऊ नका." टीव्ही नुसता रिमोटनं बंद केला की त्याचा लाल ठिपका जळत राहतो, म्हणून भिंतीवरचं बटण पाडायची सवय लावली. फ्रीज भिंतीपासून वीतभर ओढून ठेवला, त्याच्या पाठीला वारा लागला की तो कमी धडपडतो. मोबाईल शंभर झाला की काढायचा. सकाळी उठून मी आधी मीटर वाचायचो, मग धार काढायला जायचो. बिल निम्म्यावर आलं. बायको म्हणायची, "आता श्वास पण एक आड एक घेऊया का?"

पण तिचं येणं-जाणं त्या जिन्यावरच होतं. चुली दोन झाल्या तरी तिची एकच राहिली. दिवेलागणीला गोठ्यातलं आटपून ती वाटीभर आमटी नाहीतर ताकाचं भगुलं घेऊन वर जायची, आणि वरून सुनेनं केलेलं काहीतरी घेऊन खाली यायची. नेमकी तीच वेळ आमच्या बटणांच्या भांडणाची.

एका पावसाळ्यात ती उतरताना वळणावर घसरली. दिवा बंद होता. वाटी खाली येऊन माझ्या दारात फिरत राहिली. मी धावलो, वरून मुलगा धावला. तिचा पाय सुजून लाल झाला होता, आणि आम्ही दोघं तिच्या डोक्यावरून एकमेकांना विचारत होतो की दिवा कुणी घालवला. मी नव्हता घालवला. म्हणजे त्या वेळी नव्हता. तिनं दोघांकडं आळीपाळीनं बघितलं आणि म्हणाली, "आधी मला उचला."

पाय बरा झाल्यावर एकदा मी बाजाराहून आलो. जेवायला वाढताना ती म्हणाली, "आता त्या दिव्यावरनं भांडायचं न्हाय. दिव्याचं मी बघून घेतलंय."

मला वाटलं, तिनं मुलाला झाडलं. बरं वाटलं.

त्या थंडीत सकाळी बंबात चिपाडं सारता सारता ती खाली बसली. मला वाटलं, धुरानं डोळे चोळतेय. ती उठली नाही. पाणी तसंच उकळत होतं.

दहाव्याला आम्ही पंचगंगेच्या घाटावर होतो. पिंड ठेवला. कावळे समोरच्या झाडावर भरपूर होते, शेजारच्या पिंडाला शिवत होते, आमच्याकडं फिरकत नव्हते. आमच्यात अशा वेळी माणसं हात जोडून मेलेल्याला शब्द देतात, कुणी म्हणतं पोरीचं लग्न करीन, कुणी म्हणतं म्हातारीला सांभाळीन. एखादा शब्द जीवाला लागू पडतो आणि कावळा उतरतो. पाहुण्यांनी एकेक करून सांगून बघितलं. तिच्या म्हशी नीट सांभाळू म्हणाले. सुनेला मुलीसारखी बघू म्हणाले. काही नाही. मग माझा मुलगा पुढं आला आणि सगळ्यांच्या देखत म्हणाला, "आईचा जीव त्या जिन्यात अडकलाय. आबांनी म्हणावं की दिवा चालू ठेवतो. कावळा आत्ता शिवंल."

माझे साडू, व्याही, बाजारातली चार माणसं, सगळी माझ्याकडं बघायला लागली. कुणीतरी मागून म्हणालं, "म्हणा की, त्यात काय जातंय?"

मी आयुष्यभर भाव पाडून घेतले, पण असा चारचौघांत माझा भाव कुणी पाडला नव्हता. मी म्हणालो, "दिवा चालूच असतोय." रागानं म्हणालो. कावळा आला नाही. ऊन चढलं, शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि आम्ही घरी आलो.

तेव्हापासून बापलेकाचं बोलणं तुटलं. वर्षभर. सून मधून बोलायची, "मामा, दूध ठेवलंय," "मामा, औषध घेतलं का?" एवढंच. आणि दिवा रोज लागायचा. पूर्ण अंधार व्हायच्या आत, आकाशात उजेड असतानाच. मी दारात बसून वर बघायचो आणि मनात म्हणायचो, मुद्दाम लावतात. मला घाट आठवावा म्हणून लावतात. मी उठून बंद करायचो. जरा वेळानं वरून टक्‌.

मग सुनेकडून कळलं, मुलानं शहरात फ्लॅट बघितलाय. विसाराचे आगाऊ पैसे देऊन झालेत, दिवाळीनंतर जाणार. मी म्हणालो, "जावा की. माझा जिना मोकळा होईल." मला त्यांनी जायला नको होतं. हे मला कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं नसतं, पण नको होतं. वरून भांडं पडल्याचा आवाज आला तरी मला घर भरल्यासारखं वाटायचं. आता वरच्या मजल्याला कुलूप लागणार, आणि मी खाली माझ्या कमी झालेल्या बिलाबरोबर राहणार, हे मला दिसत होतं. पण विसार दिलेला सौदा मोडा म्हणायला माझी जीभ वळेना. विसार घेऊन फिरलेल्या माणसाला मी बाजारात गचांडी धरून परत आणलेलं आहे.

त्याच सुमारास सुनेच्या माहेरी, कबनूरला, तिच्या भावाचं लग्न निघालं. दोघं वरचं दार लावून गेली. मला बोलावणं होतं, मी गेलो नाही.

पहिल्या संध्याकाळी मी धार काढून आलो. गोठ्यात म्हशी रवंथ करत होत्या. मी पायरीवर बसलो. बंबाची राख गार झाली होती, टीव्ही बंद, पंखा बंद, आतल्या खोलीत दिवा नाही. माझ्या मनासारखं घर. मीटरकडं नजर गेली, त्याचा लाल ठिपका कधीतरीच मिचकत होता.

आणि जिन्यात दिवा लागला.

बटणाचा आवाज नाही. काही नाही. वळणावरची भिंत आपोआप पिवळी झाली.

"कोण हाय वर?" मी ओरडलो. आवाज जिन्यात फिरून परत आला. मी वर चढलो. वळणापाशी, ती जिथं घसरली होती तिथं, पाय जरा अडला. वर कुलूप जसंच्या तसं. कुलुपाला हात लावून बघितला. खाली आलो. दिवा बंद करायला बटणाकडं हात नेला आणि तो तसाच मागं घेतला. कुणाच्या तरी हातातलं भांडं काढून घेतल्यासारखं झालं असतं.

मी भित्रा नाही. वळूच्या शिंगांपुढं उभा राहिलेला माणूस आहे मी. पण त्या संध्याकाळी मी आत जाऊन दाराला कडी घातली आणि दाराच्या फटीतून येणारी पिवळी रेघ बघत बसलो. जेवलो नाही. सकाळी उठलो तर रेघ नव्हती. दिवा विझलेला. बटण मी जिथं सोडलं होतं तिथंच.

दुसऱ्या संध्याकाळी तसंच. मी मुद्दाम पायरीवर बसून राहिलो. म्हटलं, बघू. आकाश राखाडी झालं, पाखरं शेजारच्या चिंचेवर बसली, गल्लीत कुणीतरी कुणाला तरी हाक मारली, आणि दिवा लागला. तीच वेळ. गोठ्यातलं आटपून वाटी घेऊन वर निघायची वेळ. मला घाटावरच्या झाडावरचे कावळे आठवले. शेजारच्या पिंडाला शिवणारे, आमच्याकडं न फिरकणारे. माझ्या तोंडातून निघून गेलं, "अगं, वर कुणी न्हाय. कबनूरला गेल्यात."

असं मी रिकाम्या जिन्याला सांगितलं.

नंतर मी विचार केला. एक तर ती आहे, नाहीतर वायरीत बिघाड आहे. काहीही असलं तरी असं भीत भीत बसून चालणार नव्हतं. सकाळी ऊन जिन्यात आल्यावर मी गोठ्यातली शिडी आणली, वळणावर भिंतीला टेकवली आणि दिवाच काढून टाकायचा म्हणून चढलो. वर कोळिष्टकं होती. हाताला लागू नयेत म्हणून खांद्यावरचा पंचा काढून मी होल्डरच्या मानेभोवती गुंडाळला आणि दिवा धरायला हात घातला.

भर उन्हात दिवा लागला. माझ्या हाताखाली, पंच्यात.

शिडीवरून पडलो कसा नाही, माझं मलाच माहीत. मी पंचा सोडला. तो खाली गेला, दिवा विझला. बराच वेळ मी भिंतीला गाल लावून उभा होतो. मग नीट बघितलं. तो आमचा जुना होल्डर नव्हता. त्याच्या अंगावर मुगाएवढा काळा ठिपका होता. मी त्यावर अंगठा ठेवला. दिवा लागला. अंगठा काढला. विझला. ठेवला. लागला.

अंधार पडला की आपोआप लागणारा, उजाडलं की आपोआप विझणारा. बाजारात मिळतो तसला. मी कधी घेतला नसता.

दिव्याचं मी बघून घेतलंय.

तिनं कुणालाच झाडलं नव्हतं. मी बाजाराला, मुलगा कारखान्यात, सून कुठंतरी गेलेली बघून तिनं कुणाला तरी बोलावून तो बसवून घेतला होता, म्हणजे लावणाराही कुणी नको आणि भांडणही नको. आणि आम्ही तिच्या माघारी वर्षभर तोच दिवा एकमेकांच्या नावावर टाकत होतो.

मुलगा आणि सून परत आली तेव्हा मी शिडीवरच होतो. त्या दिवशी मी कितव्यांदा चढलो होतो कोण जाणे.

"आबा!" वर्षभरानं त्यानं मला हाक मारली. "उतरा खाली. पडाल."

"पडलो तर बरंच की. फ्लॅट आणखी मोठा घेशील."

"मामा, काय शोधताय वर?" सून म्हणाली. तिच्या हातात लग्नाच्या बुंदीचा डबा होता.

मी ठिपक्यावर अंगठा ठेवला. दिवा लागला. काढला, विझला.

"म्हंजे रोज..." सून थांबली. "मला वाटायचं मामाच लावत्यात. आम्हाला दाखवायला. आणि आम्ही चढायला लागलो की घालवत्यात."

"आणि मला वाटायचं तुम्ही."

मुलगा पायरीवर बसला. घसरल्यावर त्याची आई ज्या पायरीवर पाय धरून बसली होती, तिच्या खालच्या. "आई मला म्हणाली होती," तो म्हणाला, "दिव्याचं मी बघून घेतलंय. मला वाटलं, तुम्हाला दम दिला असंल."

मी उतरलो. "घाटावर काय म्हणालास, आठवतंय का?"

"आठवतंय."

"दिवा चालूच होता. मी खोटं बोललो नव्हतो. माघारी घे."

त्यानं मान खाली घातली, पण शब्द माघारी घेतला नाही. "ती घसरली तवा अंधार होता, आबा. हे पण खोटं न्हाय."

आमचा राग एकाच रक्ताचा आहे. मला ओरडायचं होतं, छातीपर्यंत आलंही होतं. पण वळणावरची ती जागा आमच्या दोघांच्या मधे होती आणि सून डबा धरून तशीच उभी होती. पंचा खाली पडला होता. मी तो उचलला, झटकला, आणि बाजारात करतो तसा मुलाच्या हातावर टाकला. खालून त्याचा हात धरला. त्याचा हात मी शेवटचा कधी धरला होता, आठवत नाही. तळवा ओला होता.

"हे काय आबा?"

"गप. हितं तोंडानं बोलत न्हाईत."

मी त्याचं एक बोट धरलं. घट्ट. राहा म्हणायचं मला जमलं नसतं, विसार दिलेला होता. मला फक्त एक पाहिजे होतं. एक काय, ते मी ठरवलं नव्हतं. बाजारात एक बोट म्हणजे शंभर, हजार की लाख, ते समोरच्या जनावरावर ठरतं. आणि समोरच्यालाच ते समजावं लागतं.

त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं. मी चेहरा कोरडा ठेवला. मग पंच्याखाली त्यानं माझं तेच बोट उलट धरलं आणि दाबलं. आमच्यात याचा अर्थ, मान्य.

"आई न्हाय म्हणाली असती," तो म्हणाला. "तिनं दोन मागितली असती."

दिवाळीनंतर ते गेले. टेम्पो दारात उभा होता तेव्हा मी हमालांशी भाड्यावरून भांडून घेतलं, निदान तेवढं तरी करता आलं. एसी त्यांनी नेला. भिंतीला चौकोनी पांढरा डाग राहिला आहे. वरचा मीटर आता हलतच नाही, त्याच्याकडं बघवत नाही, म्हणून मी फक्त माझा वाचतो.

एका बोटाचा अर्थ मुलानं आठवड्यातला एक दिवस असा लावला. रविवारी तो येतो, ऊन उतरताना. कधी सून बरोबर, कधी एकटा. घाटावरच्या त्या वाक्याबद्दल तो काही बोलत नाही. मीही ते सोडलेलं नाही, गाठीला तसंच आहे. मी चहा ठेवतो, तो गोठ्यात डोकावतो, वास सोसत नाही तरी डोकावतो. मग आम्ही जिन्याच्या खालच्या पायरीवर शेजारी बसतो. बटणाला आता कुणी हात लावत नाही, मी त्यावर चिकटपट्टी मारली आहे.

बोलायला फारसं नसतं. मी नव्या म्हशीचं सांगतो, तो त्याच्या फ्लॅटमध्ये पाणी येत नाही म्हणतो. आकाश राखाडी होतं. पाखरं चिंचेवर बसतात. तेवढ्यात आम्ही दोघंही गप्प होतो, सांगावं लागत नाही.

वळणावरची भिंत पिवळी होते.

"लागला," तो म्हणतो.

"लागला," मी म्हणतो. आणि आम्ही दोघं जरा बाजूला सरकतो, वर जायला वाट राहावी म्हणून.